गोझो बेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्टाला जायचं ठरलं की गोझोसाठी "एक दिवस" बाजूला काढला जातो. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढच्या उत्तरांतून कळेलच. बेट लहान आहे, पण त्याचे दगड, पाणी, शेतं आणि देवळं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की घाईने फिरणाऱ्याला फक्त सुटे सुटे फोटो मिळतात.

गोझो नेमकं कुठे आहे? केवढं आहे?

इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या जवळपास मध्यावर माल्टा हा देश आहे. त्याची मुख्य बेटं तीन: माल्टा, गोझो आणि दोघांच्या मधलं कोमिनो. गोझोचं क्षेत्रफळ 67 चौरस किलोमीटर. लांबी सुमारे 14 किलोमीटर, रुंदी सुमारे 7. देशाच्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा गोझोकडे आहे, पण 2021 च्या जनगणनेत गोझो आणि कोमिनो मिळून लोकसंख्या भरली जेमतेम 39 हजार. म्हणजे देशातल्या शंभर माणसांमागे आठसुद्धा नाहीत. माल्टाची गर्दी आणि गोझोची शांतता, दोन्हींचं कारण या आकड्यांत आहे.

बेटावर डोंगर आहेत का? नदी आहे का?

उंच डोंगर नाहीत. सर्वांत उंच जागाही 200 मीटरच्या आत आहे. बारमाही नदीसुद्धा नाही. तरीही गोझो माल्टापेक्षा हिरवं दिसतं. याचं उत्तर जमिनीखाली आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

हे सगळं बेट म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं साचत गेलेले थर आहेत. सर्वांत खाली कठीण प्रवाळी चुनखडक. त्यावर मऊ, मधासारख्या रंगाचा ग्लोबिजेरिना चुनखडक. ग्लोबिजेरिना नावाच्या सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा तो बनलेला आहे. त्यावर निळसर चिकणमाती, मग हिरवट वाळूखडकाचा एक पातळ पट्टा, आणि सर्वांत वर पुन्हा कठीण प्रवाळी चुनखडक. हे पाच थर ओळखता आले की बेटावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलगडते.

पाऊस वरच्या चुनखडकातून झिरपतो आणि चिकणमातीवर येऊन अडतो. पुढे मार्ग नसल्यामुळे तो टेकडीच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. झऱ्यांच्या खाली उतारावर शेताच्या पायऱ्या, त्यांना दगडी बांध, आणि वर कोरड्या, मोकळ्या माथ्यावर गाव, अशी इथली जुनी रचना आहे. व्हिक्टोरिया या गोझोच्या मुख्य शहराजवळच्या लुन्झियाता दरीत ती उत्तम पाहायला मिळते. टेकड्यांचे माथे सपाट का, याचंही कारण हेच: वरचा कठीण थर टोपीसारखा टिकून राहतो आणि खालची माती झिजत जाते. आपल्या सह्याद्रीतल्या सपाट माथ्याच्या डोंगरांची इथे आठवण येते, फक्त तिथला दगड लाव्हाचा आहे आणि इथला समुद्राने घडवलेला.

मधला मऊ दगड करवतीने कापता येतो, म्हणून गावंच्या गावं त्याच सोनेरी रंगाची आहेत. आणि दक्षिणेला ता चेंचचे शंभर मीटरहून उंच सरळसोट कडे उभे आहेत, ते सर्वांत खालच्या कठीण थराचे. त्या कड्यांच्या कपारींत समुद्री पक्षी घरटी करतात.

मग प्यायच्या पाण्याचं काय?

झऱ्यांचं पाणी शेतीला लागतं. नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेला असतो. ते पिण्यायोग्य आहे, पण चव किंचित वेगळी लागते, म्हणून बरेच लोक बाटलीचं पाणी घेतात. उन्हाळ्यात राहणार असाल तर पाणी जपून वापरा. इथे ते फार कष्टाने मिळतं.

तो समुद्रातला प्रसिद्ध दगडी दरवाजा अजून आहे का?

नाही. द्वेयरा नावाच्या किनाऱ्यावरची अझुर विंडो ही नैसर्गिक कमान 8 मार्च 2017 रोजी वादळी समुद्रात कोसळली. कमानच नव्हे, तिला टेकू देणारा खांबही गेला. जुन्या माहितीपत्रकांत आणि काही सहलींच्या जाहिरातींत अजून तिचा फोटो दिसतो, त्यावर जाऊ नका.

पण "आता द्वेयराला जाण्यात काय राहिलं?" असं म्हणणं मात्र चुकीचं आहे. कमान हा द्वेयराचा एक भाग होता. उरलेलं द्वेयरा माझ्या मते संपूर्ण बेटावरची सर्वांत विलक्षण जागा आहे. जमिनीखालच्या प्रचंड गुहांची छतं फार प्राचीन काळी खचली आणि गोलाकार खोलगट भाग तयार झाले. त्यांतला एक समुद्राने भरून द्वेयराचा अर्धगोल उपसागर झाला. दुसऱ्यात "इनलँड सी" आहे: चारी बाजूंनी कडे, मधे उथळ खारं पाणी, काठावर मासेमारांच्या बोटींची छोटी घरं.

या तळ्याला खुल्या समुद्राशी जोडणारा सुमारे 80 मीटर लांबीचा एक नैसर्गिक बोगदा कड्यातून आरपार जातो. लहान रंगीत होड्या त्यातून घेऊन जातात. आत शिरताना उजेड मागे राहतो, इंजिनाचा आवाज भिंतींवर घुमायला लागतो, आणि पाण्याच्या रेषेला लागून दगडावर नारिंगी-जांभळे जिवंत थर दिसतात. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्र अचानक गडद निळा होतो, कारण तिथे तळ एकदम खोल जातो. समुद्र खवळलेला असेल तर होड्या बंद असतात. तेव्हा द्वेयरा सहलीच्या शेवटच्या दिवसावर टाकू नका.

फंगस रॉक म्हणजे काय?

द्वेयराच्या उपसागराच्या तोंडाशी सुमारे 60 मीटर उंचीचा एक सुटा खडक आहे. त्यावर उगवणाऱ्या एका तांबड्या, कणसासारख्या वनस्पतीला लोक बुरशी समजत. प्रत्यक्षात ती दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारी परजीवी वनस्पती आहे. रक्तस्राव थांबवणारं रामबाण औषध म्हणून तिची ख्याती होती. त्या काळी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी खडकावर पहारा बसवला, आणि 1746 मध्ये त्यांचे प्रमुख (ग्रँडमास्टर) पिंटो यांनी परवानगीशिवाय तिथे जाण्यास बंदी केली. किनाऱ्यापासून खडकापर्यंत दोर ताणून, त्यावरून लाकडी पेटीत बसून माणसं ये-जा करत. आधुनिक वैद्यकाने त्या औषधी गुणांना दुजोरा दिलेला नाही. आज तो खडक संरक्षित आहे, लांबूनच पाहायचा. समोरचा पहाऱ्याचा बुरूज 1652 चा आहे.

जगन्तियाची मंदिरं खरंच पिरॅमिडपेक्षा जुनी आहेत का?

हो. शारा गावाजवळच्या या दोन मंदिरांचं बांधकाम इसवी सनपूर्व 3600 च्या सुमाराला सुरू झालं. इजिप्तचे पिरॅमिड त्यानंतर हजार वर्षांनी आले. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे उभे दगडही नंतरचे. युनेस्कोने 1980 मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

बांधणाऱ्यांकडे धातूची हत्यारं नव्हती, तरी भिंतीतले काही दगड पाच मीटरहून लांब आणि कित्येक टन वजनाचे आहेत. इथेही ते पाच थर उपयोगी पडतात. बाहेरची भिंत कठीण प्रवाळी चुनखडकाची, कारण ती ऊनवारा सोसणार. आतले उंबरे, चौथरे आणि दाराच्या बाजू मात्र घासूनपुसून गुळगुळीत करता येणाऱ्या मऊ ग्लोबिजेरिनाच्या. कुठला दगड कुठे लावायचा याची जाण साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना होती, ही गोष्ट मला त्या दगडांच्या आकारापेक्षा मोठी वाटते. दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कोरलेली भोकं बघा. दार बंद करायचा अडसर बहुधा तिथे अडकवला जाई. दगड सरकवण्यासाठी वापरले असावेत असे दगडी गोळेही सापडले आहेत.

स्थानिक कथा सांगते की सान्सुना नावाच्या राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन हे दगड वाहून आणले. खाणं काय, तर घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे आणि मध.

1827 मध्ये इथली माती उपसली गेली, पण तेव्हा आजच्यासारखी बारकाईने नोंद ठेवायची पद्धत नव्हती आणि बरीच माहिती कायमची हातची गेली. त्याची थोडीफार भरपाई जवळच्याच शारा वर्तुळात झाली. ते त्याच लोकांचं भूमिगत दफनस्थान. तिथे मिळालेली, एकाच आसनावर शेजारी बसलेल्या दोघांची छोटी दगडी मूर्ती प्रवेशद्वाराजवळच्या संग्रहालयात आहे. बहुतेक जण संग्रहालय भरभर ओलांडून मंदिराकडे धावतात. तसं करू नका. त्या मूर्तीसमोर थांबा आणि कपड्यांच्या चुण्या, बैठकीखालची नक्षी निरखून बघा.

व्हिक्टोरियात किल्ल्याशिवाय काही आहे का?

आधी किल्ल्याबद्दल, कारण बेटाचा सर्वांत दुःखद प्रसंग तिथे घडला. शहराच्या मधोमध टेकडीवर चित्तादेल्ला हा कोट आहे. जुलै 1551 मध्ये सिनान पाशा आणि तुर्गुत रईस यांच्या उस्मानी आरमाराने तो घेतला आणि आश्रयाला आलेल्या जवळजवळ सगळ्या लोकांना, सुमारे पाच हजार जणांना, गुलाम म्हणून उत्तर आफ्रिकेत नेलं. बेट ओस पडलं. त्यानंतर 1637 पर्यंत रात्री कोटात मुक्कामाला यायची लोकांना सक्ती होती. आज तटावरून फिरताना साऱ्या बेटाचा घेरा दिसतो, आणि समुद्रातून येणारं संकट इथून किती लवकर दिसत असेल आणि तरी किती कमी वेळ मिळत असेल, ते कळतं.

कोटातलं कॅथेड्रल लोरेन्झो गाफा यांच्या आराखड्यानुसार 1697 ते 1711 या काळात बांधलं गेलं. आत उभं राहून वर पाहिलं की खोल, उजळ घुमट दिसतो. बाहेर येऊन पाहा: छप्पर सपाट आहे. घुमट बांधलाच गेला नाही, म्हणून 1739 मध्ये चित्रकाराकडून तो रंगवून घेतला. योग्य जागी उभं राहिलात तर खोली खरी वाटते. चार पावलं बाजूला सरका, घुमट कलंडायला लागतो. एवढ्यासाठी तिकीट काढावं असं हे काम आहे.

खाली शहरात रिपब्लिक स्ट्रीटवर दोन ऑपेरा थिएटर आहेत, अस्त्रा आणि अरोरा. एवढ्याशा शहरात, एकाच रस्त्यावर दोन. एकामागे सेंट जॉर्जच्या चर्चशी नातं सांगणारं बँड मंडळ, दुसऱ्यामागे कॅथेड्रलशी नातं सांगणारं. दोघांची चुरस पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ऑक्टोबरमध्ये दोन्हीकडे ऑपेरा होतात आणि त्यांत गावातली माणसं मनापासून राबतात. तारखा जुळत असतील तर सोडू नका.

पोहण्यासाठी कुठला किनारा चांगला?

वाळू हवी असेल तर रामला. लोहामुळे तांबूस झालेली वाळू, दोन्ही बाजूंना मातीचे उतार, मागे शेतं, आणि किनाऱ्यावर इमारती नाहीत. वरच्या कड्यावर कॅलिप्सोची गुहा दाखवतात. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात ओडिसियस या वीराला सात वर्षं अडकवून ठेवणारी ती अप्सरा इथेच राहत होती असं गोझोचे लोक मानतात. गुहा धोकादायक झाल्याने आत जाता येत नाही, पण वरून दिसणारा किनारा पाहण्यासाठी जावं. उत्तरेचा वारा असेल तर रामलाला पाण्याची ओढ जबरदस्त असते. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. जांभळा झेंडा म्हणजे जेलीफिश आहेत.

खडकावरून थेट खोल पाण्यात उतरणं जमत असेल तर श्लेंडी. मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मार्सालफोर्न सोयीचं. जेवणाखाणाची ठिकाणं पाण्याला लागून आहेत. इमजार इश-शिनी ही दोन कड्यांच्या मधली चिंचोळी खाडी शांत आहे, पण रस्ता अरुंद.

डायव्हिंग करणाऱ्यांना गोझो सांगावं लागत नाही. द्वेयराचा ब्लू होल, म्हणजे खडकातला खोल पाण्याचा खड्डा, अझुर विंडो पडल्यावरही शाबूत आहे, आणि कमानीचे पडलेले अवाढव्य तुकडे आता पाण्याखाली पाहायला मिळतात.

मिठागरं अजून चालू आहेत?

आहेत. मार्सालफोर्नच्या पश्चिमेला श्वेयनीच्या किनाऱ्यावर मऊ पिवळ्या दगडात कोरलेल्या उथळ चौकोनी खणांची रांग सुमारे तीन किलोमीटर पसरलेली आहे. काही खण साडेतीनशे वर्षांहून जुने आहेत. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी खणांत साठवतात, उन्हाने ते आटतं, आणि तळाशी आलेलं मीठ झाडूने गोळा करून ढीग घालतात. काही कुटुंबं हे काम पिढ्यांपिढ्या करत आहेत आणि दगडात खोदलेल्या कोठीतून मीठ विकतात. कृपा करून खणांच्या कडांवरून चालू नका. दगड ठिसूळ आहे, आणि ज्यात तुम्ही पाय घालता ते कुणाचं तरी पीक आहे.

ख्रिस्ती धर्मस्थळांपैकी कुठली पाहावीत?

ता पिनू आणि शेउकियाचं चर्च.

ता पिनू आर्ब गावाबाहेर एकटंच शेतात उभं आहे. 1883 मध्ये कार्मनी ग्रिमा या शेतकरी बाईला इथल्या जुन्या देवळातून हाक ऐकू आली, अशी श्रद्धा आहे. पुढे तिथे आजचं मोठं चर्च उभं राहिलं. आतल्या दालनांत लोकांनी नवस फेडताना ठेवलेल्या वस्तू आहेत: कुबड्या, बाळांचे कपडे, हेल्मेट, पत्रं. त्या भिंतींसमोर आवाज आपोआप खाली येतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

शेउकियाचा घुमट बोटीतूनही दिसतो. उंची सुमारे 75 मीटर, आणि गाव काही हजार वस्तीचं. 1951 मध्ये काम सुरू झालं तेव्हा जुनं चर्च मधे तसंच ठेवून नवं त्याच्याभोवती बांधलं, म्हणजे प्रार्थनेत खंड पडला नाही.

कोमिनोचा ब्लू लगून (उथळ निळ्या पाण्याची खाडी) करावा का?

पाणी अप्रतिम आहे, पण उन्हाळ्याच्या दुपारी तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. गर्दी आवरण्यासाठी 2025 पासून आगाऊ ऑनलाइन नोंदणी ठेवली आहे. निघण्यापूर्वी सध्याचे नियम तपासा. गोझोच्या इमजार बंदरातून सकाळची पहिली बोट घ्या, किंवा मे-जूनपूर्वी जा. जुलै-ऑगस्टच्या दुपारीच वेळ असेल तर मी कोमिनो वगळून ता चेंचच्या कड्यांवर संध्याकाळ काढायला सांगेन.

भारतातून कसं पोचायचं? व्हिसा कुठला?

माल्टा शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासाठी किमान 30 हजार युरोंचा प्रवास विमा. फक्त माल्टाला जाणार असाल किंवा तिथेच जास्त दिवस राहणार असाल तर अर्ज माल्टाकडे करायचा. मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूलला विमान बदलून जाणं सोपं पडतं.

गोझोला विमानतळ नाही. माल्टाच्या विमानतळावरून चिर्केव्वा धक्क्यावर यायचं. तिथून गाड्या घेऊन जाणारी मोठी बोट 25 मिनिटांत इमजारला सोडते. ती रात्रीही चालते. जाताना तिकीट विचारत नाहीत, परतताना इमजारला काढायचं. माल्टाची राजधानी व्हॅलेटाहून थेट येणारी जलद बोट 2021 पासून सुरू आहे, तिला सुमारे 45 मिनिटं लागतात. हिवाळ्यात जोराचा वारा असला की दोन्हींचं वेळापत्रक बिघडू शकतं. परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर आदल्या रात्री माल्टाला येऊन राहा.

बेटावर फिरायचं कसं?

बहुतेक बस व्हिक्टोरियाहून सुटतात, त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावी जायला बहुधा व्हिक्टोरियाला येऊन बस बदलावी लागते. वेळ हाताशी असेल तर बस पुरते. गाडी चालवणाऱ्यांना सोपं जाईल, कारण वाहतूक डाव्या बाजूने आहे. आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा. स्थानिक लोक व्हिक्टोरियाला रबात म्हणतात, पत्ता विचारताना लक्षात असू द्या. पाट्यांवर एक्स अक्षर दिसलं की त्याचा उच्चार "श" करा, निम्मी गावं बरोबर म्हणाल. इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना येतं.

पायी फिरणाऱ्यांसाठी किनाऱ्याची वाट सर्वांत चांगली. आर्बजवळची विएद इल-मीलाह ही कमान त्या वाटेवर लागते आणि ती अजून उभी आहे. तिच्यावर चढू नका. कड्यांच्या धारेपासून चार हात लांबच राहा, कारण धारेखालचा दगड पोखरलेला असतो आणि वरून ते दिसत नाही.

शाकाहारी लोकांची सोय होते का?

होते, थोडं विचारून घ्यावं लागतं. गोझोची फ्तीरा म्हणजे भट्टीत भाजलेली पातळ भाकर, वर बटाट्याचे काप, चीज, टोमॅटो, ऑलिव्ह. मासा नको म्हणून आधीच सांगा. बिगिल्ला ही कडधान्याची लसणीची चटणी पावाबरोबर छान लागते. कापुनाता म्हणजे वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटोची परतलेली भाजी. पास्तित्सी हे खुसखुशीत पापुद्र्याचे खाजे रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरून मिळतात; पिठात प्राणिज चरबी आहे का ते विचारा.

जबेयना हे मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचं लहान गोल चीज इथली खरी ओळख: ताजं, सुकवलेलं, किंवा काळी मिरी लावून मुरवलेलं. ते विरजताना पारंपरिक पद्धतीत प्राणिज रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरतात, काटेकोर शाकाहारी लोकांनी हे ध्यानात ठेवावं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी स्वयंपाकघर असलेलं जुनं शेतघर भाड्याने घेणं उत्तम. गोझोत अशी घरं पुष्कळ आहेत, आणि चार-सहा जणांच्या कुटुंबाला ती हॉटेलपेक्षा परवडतातही.

कधी जावं, किती दिवस?

एप्रिल-मे मध्ये रानफुलं आणि हिरवी शेतं; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोमट समुद्र. जुलै-ऑगस्ट तापतात आणि गर्दी असते, पण गावोगावच्या जत्रा तेव्हाच भरतात: बँड, फटाके, आणि 15 ऑगस्टला व्हिक्टोरियात सान्ता मारियाचा मोठा उत्सव. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडतो.

किमान तीन रात्री राहा. दिवसभराची सहल घेऊन आलेल्या बस संध्याकाळी बोटीकडे परततात. त्यानंतर चौकातल्या बाकांवर गावातली माणसं येऊन बसतात, आणि चित्तादेल्लाच्या तटावर तुम्हाला कुणाचा धक्का लागत नाही. सकाळी द्वेयरा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी कडे, असा एक दिवस. जगन्तिया, शारा आणि रामला दुसरा. व्हिक्टोरिया, मिठागरं आणि ता पिनू तिसरा. गावांच्या वेशीवर फ्लॅटच्या इमारती आणि क्रेन झपाट्याने वाढत आहेत, त्यामुळे राहण्यासाठी नव्या इमारतीऐवजी गावातलं जुनं दगडी घर निवडा. तुमचे पैसे ते घर टिकवण्याच्या कामी येतील.

बरोबर काय न्यावं?

ब्रिटिश पद्धतीच्या तीन पिनांच्या सॉकेटसाठी अडॅप्टर, खडकांवर चालायला चांगली पकड असलेले बूट, पाण्यात घालायच्या रबरी चपला, टोपी, आणि वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट, कारण बोटीच्या डेकवर मे महिन्यातही गारठा जाणवतो. चलन युरो आहे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी मीठ, मध आणि जबेयना विकणाऱ्यांसाठी थोडे सुटे जवळ ठेवा.